पंचवीस डिसेंबरची सर्व्हिस

पुरुषोत्तम गद्रे म्हणजे खुर्चीला धक्का लागला तर खुर्चीला सॉरी म्हणणारा माणूस. असा माणूस पाच वर्षं सूड घ्यायची वाट बघत बसला, आणि तोही इंग्लंडातल्या मिल्टन कीन्समध्ये, जिथे घरातून निघताना आलेला राग रस्त्यावरच्या तिसऱ्या गोल चौकाला, म्हणजे राउंडअबाउटला, गरगरून उतरतो.

सेहेचाळिसाव्या वर्षी त्याने पहिलं घर घेतलं. विकणारा होता गुलाबी गालांचा मिस्टर पिल्बीम. घर दाखवताना त्याने घर आणि पाणी तापवणाऱ्या बॉयलरचं सर्व्हिस बुक पुरूच्या हातात ठेवलं. सात वर्षांच्या सात नोंदी, एकाच निळ्या पेनाने लिहिलेल्या, सगळ्या पंचवीस डिसेंबरच्या. इथे वाढलेलं शेंबडं पोरही सावध झालं असतं. नाताळला या देशात बस धावत नाही, बॉयलरवाला कुठून येणार? पुरूला मात्र गहिवरून आलं.

"मंजिरी, हा माणूस ऐन सणाला बॉयलरची सर्व्हिस करतो! आपल्या दसऱ्यासारखं. यंत्राची पूजाच की!"

बायकोलाही पटलं. तीही दसऱ्याला लॅपटॉपला हळदकुंकू लावते आणि मग दिवाळीपर्यंत त्याचं एंटरचं बटण चिकटतं.

राहायला गेल्यावर सहाव्या दिवशी बॉयलरने मान टाकली. इंजिनियर बाई आल्या. त्यांनी आधी आपलं ओळखपत्र दाखवलं, मग झाकण काढलं. आत कारखान्याची चिकटपट्टी जशीच्या तशी होती आणि तिच्यावर कोळ्यांच्या तीन पिढ्या सुखाने नांदत होत्या.

"हा आजवर कोणी उघडलेला नाही," बाई म्हणाल्या. पुस्तकातल्या तारखा पाहून तर त्या जिन्यावर बसून हसल्या. "पंचवीस डिसेंबर? त्या दिवशी मी माझ्या आईच्या बॉयलरलाही हात लावत नाही!"

शिवाय पिल्बीमने जाताना मीटरचं रीडिंग कळवलं नव्हतं. म्हणजे वीज-गॅस कंपनीच्या लेखी तो अजून तिथेच राहत होता. पुरूने फोन करावा, पाऊण तास बासरी ऐकावी, आणि पलीकडून प्रेमळ आवाज यावा, "बोला, मिस्टर पिल्बीम!" असे तीन महिने गेले. शेवटी वैतागून त्याने कंपनी बदलली. नव्या कंपनीचं स्वागतपत्र आलं, 'प्रिय मिस्टर पिल्बीम-गद्रे.' मंजिरी पोट धरून हसली. पुरू हसला नाही.

पिल्बीम दोनच राउंडअबाउट पलीकडे बंगल्यात राहायला गेला होता. सुपरमार्केटात, चीजच्या फळीपाशी, पुरूने त्याला गाठलं.

"मित्रा," पिल्बीम त्याच्या खांद्यावर थोपटत म्हणाला, "पुस्तकात सगळं लिहिलंय."

पुरूने तिथल्या तिथे चीज सोडलं. चीज म्हणजे त्याचा जीव की प्राण. "हा स्वतःच्या तोंडाने कबूल करेल, त्या दिवशी खाईन," तो म्हणाला. मग त्याने रोज रात्री जेवणानंतर बॉयलरची माहितीपत्रकं वाचायला घेतली. वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लोक त्याला बॉयलरपंडित म्हणू लागले.

पाचव्या नाताळला पारा उणे सहावर गेला. दुपारी ग्रुपवर पिल्बीमचा मेसेज आला, 'बॉयलर बंद. गुडगुड आवाज. घरात अकरा माणसं. इंजिनियर मिळेल का?'

पुरूने वाचलं. पोळीचा घास हातातच राहिला. "बॉयलरचं पाणी बाहेर सोडणारा पाइप गोठलाय. कोमट पाणी ओतलं की झालं."

"मग सांगून टाक की एका ओळीत."

"वेडी आहेस का? किटली दे."

पिल्बीमच्या घरात अकरा माणसं कोट घालून, डोक्यावर नाताळचे कागदी मुकुट चढवून बसली होती. मंजिरी साक्षीदार म्हणून बरोबर होती. पुरूने बॉयलरकडे पाहिलंसुद्धा नाही.

"सर्व्हिस बुक?" त्याने विचारलं.

ते आलं. तेच निळं पेन, तीच तारीख.

"मिस्टर पिल्बीम, दर नाताळला येणाऱ्या या देवमाणसाला बोलवा ना. आजच यायचा असेल."

पिल्बीमचे गाल गुलाबीचे जांभळे झाले. "मीच लिहायचो," तो पुटपुटला.

"जरा मोठ्याने. पाच वर्षं झाली, कमी ऐकू येतं."

"मीच लिहायचो! कोणी येत नव्हतं! जेवणं झाली की भांडी घासायला पडायची. मग मी बॉयलरवाला आलाय म्हणून सांगायचो आणि पुस्तक घेऊन बॉयलरच्या कपाटात जाऊन बसायचो. पुरावा हवा म्हणून नोंद करायचो."

"म्हणजे?" मागून आवाज आला. मिसेस पिल्बीम उठल्या. त्यांचा मुकुट तिरका झाला होता. "बारा वर्षं मी त्या बॉयलरवाल्यासाठी केक बाजूला काढून ठेवत होते, जेराल्ड. तो कोण खात होता?"

जेराल्डने आपला मुकुट काढून खिशात घातला.

पुरू बाहेर गेला. पाइपवर कोमट पाणी ओतलं, आत येऊन बॉयलरचं बटण दाबलं. बॉयलर गुरगुरला, आणि नळाला कढत पाणी आलं.

"थँक यू, मिस्टर गद्रे," मिसेस पिल्बीम म्हणाल्या आणि त्यांनी भांडी घासायचे रबरी हातमोजे नवऱ्याच्या अंगावर फेकले. सिंकमध्ये अकरा माणसांची भांडी होती आणि वर टर्की भाजलेला, चरबी थिजलेला ट्रे.

"चल आता," मंजिरी कुजबुजली.

"थांब," पुरू म्हणाला. त्याने टेबलावरचा चीजचा भलामोठा तुकडा उचलला, सिंकशेजारी स्टूल ओढून घेतलं आणि पिल्बीम तो ट्रे घासून लख्ख करेपर्यंत सावकाश खात बसला.