बटाटे खायला ये

माझ्या मेडिकलशेजारी दवाखाना चालवणारा तरुण डॉक्टर युक्रेनमध्ये शिकून बेलापुरात आला. युक्रेनची भाषा तो तिथल्या घरमालकीण म्हातारीकडून शिकला, तीही तिच्या डोंगराकडची बोली. तिथं सगळे बटाट्याला कार्तोप्ल्या म्हणतात, म्हातारी क्रुम्पली म्हणायची. तोही तेच म्हणायचा आणि कॉलेजातली पोरं हसायची. म्हातारी गेल्या वर्षी वारली.

आता ती भाषा त्याच्याशी बोलणारं कुणी नाही; तो ती फक्त दवाखान्यापुढच्या कुत्रीशी बोलतो. रोज दुपारी तिच्यासाठी बटाटे उकडतो. दुसऱ्या कुठल्या हाकेला ती कान हलवत नाही.

मागं तो दोन दिवस पुण्याला निघाला, तेव्हा मला हाक शिकवून गेला. 'खोदी यीस्ती क्रुम्पली.' बटाटे खायला ये. माझ्या बेलापुरी जिभेला ती कशीबशी जमली.

परत आल्याबरोबर तो दुकानात आला.

"जेवली का, काका?"

"जेवली की. लई गुनाची हाय."

"हाक कशी मारली?"

मी मारून दाखवली. तो काउंटरला टेकला.

"परत म्हणा."

परत म्हटलं, तर कुत्री धावत पायरीशी आली. त्याचं तिकडं लक्षच नव्हतं.

"अजून एकदा म्हणा, काका."