नाईक हैदरला मिळालेला शेरा

तिसगावचा हैदर शेख नगरच्या छावणीत रंगरुटांना लॉरी चालवायला शिकवत असे. १९४३ साल, लढाईचे दिवस. तुकड्या येत, गाडीवर हात बसला की पूर्वेच्या आघाडीवर रवाना होत. हैदर नाईक होता आणि यंदा तो हवालदार होणार, असं सगळे धरून चालले होते.

वर्षाचा शेरा वाचून दाखवला गेला तेव्हा निराळंच निघालं. माणूस प्रामाणिक, शिकवण्यात मंद, जबाबदारी टाळतो. बढती नाही.

मंदपणा हैदरने मुकाट गिळला. ‘जबाबदारी टाळतो’ हे दोन शब्द मात्र घशाखाली उतरेनात. तो सुभेदार कानिफनाथ पालव्यांकडे गेला आणि म्हणाला, "सुभेदारसाहेब, मला कॅप्टनसाहेबांपुढं उभं करा."

पालवे पाथर्डीकडचेच, पिकल्या मिशांचे. ते म्हणाले, "करतो. पर साहेबाला चुकलं म्हनायचं न्हाई. इचारायचं. आन् उत्तर येईल ते उभ्यानं ऐकायचं. जमंल का?"

"जमंल."

कॅप्टन तरुण होता, उन्हाळ्यातच बदलून आलेला. हैदरने सलाम ठोकला. "साहेब, माझी तक्रार नाही. जबाबदारी टाळतो असा शेरा आहे. ती कुठं टळली ते कळलं तर सुधारीन म्हणतो."

कॅप्टनने कागदावरून नजर उचलली. मोडक्या हिंदुस्तानीत, पण न चिडता तो बोलला. "टेकडीच्या उतारावर तू एकाही जवानाला एकटं सोडत नाहीस. शेजारी बसतोस आणि स्टिअरिंगला तुझाच हात. ते शिकणार कधी?"

"खरं आहे, साहेब."

"मग?"

हैदरला बोलणं जड गेलं. "गेल्या वर्षी पावसाळ्यात सोनईचा रंगरूट मच्छिंद्र त्याच उतारावर गाडी उलटून तिच्याखाली सापडून गेला. त्याला एकट्याला मीच पाठवलं होतं. चौकशीत मी तसंच सांगितलं. ती जबाबदारी मी टाळली नाही, साहेब. बाकीचं सगळं कबूल."

कॅप्टनने सुभेदाराकडे पाहिलं. त्याला हे ठाऊक नव्हतं. पालवे सावधानमध्येच म्हणाले, "खरं आहे, साहेब. गाडीचा ब्रेक निकामी निघाला, तरी यानं दोष स्वतःवर घेतला."

कॅप्टनने ते दोन शब्द खोडले. त्या जागी काही लिहून वाचून दाखवलं, "शिकाऊ जवानांवर भरवसा टाकत नाही." आणि म्हणाला, "बढती यंदा नाहीच. आघाडीवर रात्रीच्या अंधारात, डोंगरात, ही पोरं गाडी चालवतील. तेव्हा तू शेजारी नसशील, नाईक. तुझ्या भीतीपायी तिकडे किती मरतील, याचा विचार केलास?"

हैदरने तो केला नव्हता. आपण पोरांना वाचवतोय, असंच तो समजत आला होता. "समजलं, साहेब. मेहरबानी," एवढंच तो म्हणाला. सलाम ठोकून तो वळला.

बाहेर आल्यावर पालवे म्हणाले, "वाईट वाटलं का?"

"वाटलं. पर खोटं न्हाई बोलले साहेब."

सोमवारी उतारावर हैदर गाडीतून खाली उतरला. आत बन्सी नावाचा रंगरूट एकटाच उरला. ब्रेक हैदरने स्वतः दोनदा तपासले होते. गाडी निघाली, वळणावर जराशी सरकली, सावरली आणि खाली जाऊन थांबली. हैदरने पुढच्याला हाक मारली.

त्यानंतरच्या रजेत तो तिसगावला न जाता आधी सोनईला गेला, मच्छिंद्रच्या आईकडे. वर्षभर त्याचे पाय तिकडे वळले नव्हते. मालनबाईने घोंगडी टाकली, पाणी दिलं. मुलाविषयी तिने एकच विचारलं, "चांगली चालवायचा का रं गाडी?"

"व्हय, आई. लई चांगली," हैदर म्हणाला, आणि मग उतारावर काय घडलं ते त्याने तिला पहिल्यापासून सांगितलं.