थोरलीचा निरोप

पाकदे मुर्तोजो तीस वर्षं कचेरीत शिक्के मारत होते. निवृत्त झाल्यावर उरलेली सगळी शिस्त त्यांनी घरातल्या अजगरांवर काढली. पाकदे म्हणजे मोठे काका; क्लातेन गावातल्या त्या गल्लीत शेंबड्या पोरापासून मशिदीच्या मुल्लापर्यंत सगळे त्यांना हेच म्हणत.

अजगर तीन होते. थोरली न्याई, एकोणीस वर्षांची, पुढच्या खोलीत खिडकीखालच्या पेटीत राहायची. दुपारी पाकदे आडवे झाले की तिला पोटावर घ्यायचे आणि दोघं घोरायची. कोण घोरतंय ते सांगणं कठीण असे. त्यांचा जीव तिच्यात होता. बायकोपेक्षा जास्त, असं बायकोचं, म्हणजे सुवार्नीबाईंचं म्हणणं होतं, आणि पाकदेंनी ते कधी खोडलं नाही.

मग सुराबायाहून चौथा, रादेन आला. तरणाबांड, पिवळाधमक, डोळ्यांत भरणारा. नवा साप जुन्यांत लगेच सोडायचा नाही, हे पाकदे सर्पमित्रांच्या मंडळात दर महिन्याला सांगत. तीन महिने वेगळी खोली, वेगळा चिमटा, वेगळं पाणी. आधी जुन्यांचं करायचं, मग नव्याचं, आणि नव्याला हात लावला की साबणाने कोपरापर्यंत धुवायचं. "नवा ठणठणीत दिसतो, पण आजार घेऊन आलेला असतो. तो मरत नाही, जुना मरतो," असं ते बोट नाचवून म्हणत. गेल्या वर्षी मंडळातल्या एकाचे दोन अजगर गेले, तेव्हा सांत्वनाऐवजी पाकदेंनी त्याला अर्धा तास व्याख्यान दिलं होतं. माणूस मोठा प्रेमळ!

रादेनसाठी मागची खोली रिकामी झाली. दारावर कचेरीच्या वळणदार अक्षरात पाटी लागली: विलगीकरण, प्रवेश बंद. दाराशी बादली, तांब्या, साबण.

"माझी आई आजारी होती तेव्हा ही खोली मिळाली नव्हती," सुवार्नीबाई म्हणाल्या.

"तुझी आई सुराबायाहून आली नव्हती," पाकदे म्हणाले.

पाटी लावली हीच चूक झाली. पाचव्या दिवशी ती गल्लीप्रमुखाच्या बायकोने, बुदे म्हणजे मोठी काकू, त्या बुदे पोनिराने वाचली. वेगळी खोली, म्हणजे आजारी. आणि गल्लीत कुणी आजारी असेल तर घोळक्याने बघायला जायचं, हा तिथला धर्म. मग तो आजारी माणूस असो नाहीतर अजगर. त्याच संध्याकाळी अकरा बायका साखर, चहापत्ती आणि एक डझन अंडी घेऊन दारात उभ्या. अंडी रादेनसाठी होती. अजगर अंडी खात नाही हे सांगायचं पाकदेंच्या जिभेवर आलं, आणि त्यांनी हात जोडून अंडी घेतली.

"कुठे आहे हो बाळ?" बुदे पोनिराने विचारलं.

"बुदे, तो खरं म्हणजे आजारी नाही..."

"असंच म्हणायचं असतं. आमचेही मूळव्याधीला असंच म्हणायचे."

तोंडावर नाही म्हणणं हे त्या मुलखात घरफोडीच्या खालोखाल मानतात. पाकदे म्हणाले, "हो, पण..." त्यातला 'हो' अकराजणींनी ऐकला आणि 'पण' दाराबाहेर राहिला. बुदे पोनिराने रादेनला थोपटलं, डोक्यावरून हात फिरवला, गालाशी धरलं. "किती गार गार आहे गं! ताप नाही याला."

एवढ्यावर भागलं असतं. पण निघताना घरातल्या थोरल्यांचा निरोप घ्यायचा असतो. सुवार्नीबाईंची सासू केव्हाच गेलेली. बुदे पोनिराने इकडेतिकडे पाहिलं आणि तिला न्याई दिसली.

"अगंबाई, घरची मोठी तर हीच! हिला न भेटता गेलो तर काय म्हणेल?"

पेटीचं झाकण उघडलंसुद्धा. पाकदे धावत पुढे झाले.

"बुदे, हात..."

"काय हात?"

नुसतं "धुवा" म्हणायचं होतं. पण गल्लीप्रमुखाच्या बायकोला, वयाने वडील बाईला, अकराजणींसमोर तुमचे हात घाण आहेत असं सांगायचं? भीड भिकेची बहीण, म्हणतात.

"हातातल्या बांगड्या... छान आहेत. नव्या वाटतं?"

"इश्श! जुन्याच आहेत," म्हणत बुदेने न्याईला मांडीवर घेतलं. बाकीच्यांनीही एकेक करून तिला कुरवाळलं. पाकदे हसत उभे होते. त्या रात्री त्यांनी ओल्या फडक्याने न्याईला तीनदा पुसलं आणि स्वतःला समजावलं, एका वेळेने काय होतंय!

अठराव्या दिवशी न्याईने उंदीर तोंडाला लावला नाही. मग ती मान वर करून, तोंड उघडं टाकून श्वास घेऊ लागली, ओठांशी बुडबुडे. पाकदेंनी तिला टोपलीत घालून सोलो शहरातल्या डॉक्टरकडे नेलं. "नवा साप वेगळा ठेवला होता ना?" डॉक्टरने विचारलं. "काटेकोर," पाकदे म्हणाले, आणि डॉक्टरच्या चपलांकडे बघत राहिले. रोज सुई टोचली, वाफ दिली, दुपारी पोटावर घेऊन ते तिचा श्वास मोजत बसले. नवव्या दुपारी मोजायला काही उरलं नाही. म्हातारा माणूस तोंडावर लुंगी ओढून हमसून रडला. रादेन मागच्या खोलीत धष्टपुष्ट होता.

तिला अंगणात रांबुतानच्या झाडाखाली पुरलं. दुसऱ्या दिवशी बायका समाचाराला आल्या.

"चांगली होती की हो! झालं तरी काय?" बुदे पोनिराने विचारलं. तिचे डोळे खरोखरच ओले होते.

आतून सुवार्नीबाईच बोलल्या, "नव्याचा रोग लागला. हातांवाटे. त्या दिवशी धुवायचे होते सगळ्यांनी."

बुदे पोनिरा आपल्या हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अहो पाकदे, मग म्हणायचं ना तेवढं! आम्ही काय नाही म्हटलं असतं?"

पाकदेंनी तोंड उघडलं. अकराजणी बघत होत्या.

"छे छे बुदे, तुमच्या हातांचं काही नाही," ते म्हणाले. "वय झालं होतं तिचं. चहा घ्या."