राजूरच्या पुढे अडलेली पिकअप

भंडारदऱ्याला निघालात? मग नगरहून सकाळी लवकर निघा. राहुरी, कोल्हार, संगमनेर, अकोले, राजूर अशी वाट धरा. चार तासांत पोचाल आणि वर "रस्ता फार खराब आहे हो" म्हणून कुरकुर कराल, ती मात्र माझ्यापुढे नको. आम्हाला दोन दिवस लागले होते.

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षीची दिवाळी तोंडावर आली होती. मी अठराची. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, नगरला घोंगड्यांचा व्यापार. लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावात त्यांनी एक पिकअप घेतली होती, ती रहिमानचाचांच्या शब्दावर. चाचा आमचे ड्रायव्हर. पण दसऱ्यापासून त्या गाडीला खोड लागली. वीस-पंचवीस मैल झकास पळायची, मग बसायची, आणि सुरू करता करता हात मोडायचे. अण्णा वैतागले. भंडारदऱ्याचा एक लाकूडवाला गिऱ्हाईक म्हणून मिळाला. घोंगड्या राजूरला विकायच्या आणि गाडी पुढे नेऊन त्याच्या गळ्यात मारायची, असं ठरलं. गाडी गेली की चाचांची नोकरीही गेलीच. हे ठाऊक असून चाचा आदल्या दिवशी ती घासूनपुसून लख्ख करत होते. मी हट्ट करकरून बरोबर गेले. मला धरण बघायचं होतं!

राहुरी सोडली आणि गाडीने दोनदा ठसके देऊन मान टाकली. पेट्रोल तेव्हा कुपनावर, म्हणून अण्णांचा पहिला संशय चोरीचा. चाचांनी टाकीत काडी घालून पेट्रोल मोजून दाखवलं, प्लग पुसले, हँडल मारलं. सुरू! "प्लगच व्हता, मालक." लोणीच्या अलीकडे पुन्हा तेच. पुन्हा काडी, या खेपेला पेट्रोलची नळी फुंकली, सुरू! "नळी व्हती, मालक."

"उद्या काय निघणार, चाकं?" अण्णा म्हणाले.

संगमनेरला मावशीकडे मुक्काम केला. तिने बाजरीच्या भाकरीचा आणि शेंगोळ्यांचा इतका आग्रह केला की सकाळी गाडीत बसताना मीच ठसके देत होते.

अकोल्याच्या पुढे मात्र माझी बडबड बंद पडली. आम्ही सपाटीवरची माणसं. डोंगर म्हटला की नगरजवळची चांदबिबीच्या महालाची टेकडी. इथे बघावं तिकडे उभे कडे, त्यांच्यावर टेकलेले ढग, खाली पिवळी होत आलेली भातं. अबब! एवढं सगळं आपल्याच जिल्ह्यात आहे, याचा मला विलक्षण आनंद झाला. राजूरच्या बाजारात घोंगड्या दुपारपर्यंत संपल्या. एक म्हातारी घोंगडी गालाला लावून म्हणाली, "लई ऊब हाय गं बाई हिला." तिथून गाडी सुरू करायलाच अर्धा तास गेला, आणि रंधा धबधब्यापाशी चढावर ती पुन्हा थांबली.

मी धावत कड्याशी गेले. पाण्याच्या नुसत्या आवाजाने छाती हादरत होती. इतकं पाणी एका जागी मी जन्मात पाहिलं नव्हतं. परत आले तर अण्णा रागाने पुढे चालत गेलेले, आणि चाचा रस्त्यावर फडकं पसरून शांत बसलेले.

"काल दर खेपेला दोन-तीन कामं एकदमच केली," ते म्हणाले. "मग गुण कशानं आला ते कळायचं कसं? आता एक काम, मग हँडल."

प्लग काढले, पुसले, लावले. हँडल. काही नाही. नळी फुंकली. हँडल. काही नाही.

"काल अजून काय केलं व्हतं, पोरी?"

"काडी घालून पेट्रोल मोजलं होतं."

चाचांनी ताडकन उठून टाकीचं झाकण फिरवलं आणि फुस्स! टाकीने चक्क श्वास घेतला. पुढच्या हँडलला गाडी अशी सुरू झाली की मी टाळ्याच वाजवल्या. कुठली शाळा नाही, पुस्तक नाही, आणि काय डोकं त्या माणसाचं!

"पेट्रोल खाली जातं, त्या जागी हवा यावी लागती," ते म्हणाले. "त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतंय." त्यांनी झाकण उलटसुलट केलं. भोक वाळलेल्या शेंदराने बुजलेलं. दसऱ्याच्या पूजेला तेलात कालवलेला शेंदूर त्या झाकणावर मीच थापला होता, चाचांच्या देखत, चांगला जाड.

एवढ्यात अण्णा आवाज ऐकून परत आले. चाचांनी अंगठ्याने शेंदूर खरवडला. "धूळ बसली व्हती, मालक."

"धूळ? पंधरा दिवस मला नाचवलंत ते धुळीपायी? झाकण पुसता येत नाही तुम्हाला?" अण्णा कडाडले. चाचा खाली बघून ऐकत राहिले. आणि मी? मी तोंड शिवून बसले.

धरण आलं. ती अवाढव्य दगडी भिंत, मागे आभाळ मावेल एवढं पाणी. मी भान हरपून बघायला हवं होतं, आणि मला रडू फुटलं. लाकूडवाला गाडीभोवती फिरत होता. मी अण्णांना बाजूला ओढून सगळं सांगून टाकलं.

अण्णा तडक माघारी वळले. मग लाकूडवाल्याला म्हणाले, "गाडी विकायची नाही." आणि चाचांपुढे जाऊन टोपी काढली. "रहिमानभाई, चुकलं माझं." अण्णांना कुणाची माफी मागताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"जाऊ द्या, मालक," चाचा म्हणाले. "पोरीनं पूजाच केली व्हती, शिव्या तर दिल्या न्हाईत."

परतताना गाडी नगरपर्यंत एकदाही अडली नाही. घरी आई विचारत होती, धरण केवढं, धबधबा केवढा, आणि मी हात पसरून पसरून सांगत होते.

भंडारदऱ्याला नंतर पुष्कळदा गेले. तुम्हीही जा, पाऊस ओसरला की लगेच जा. पण रंधा आला की मला आधी चाचा दिसतात. अण्णांची बोलणी खाताना त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं, तर अण्णांना तिथेच कळलं असतं.