तबकडीला काहीही लावू नका

त्या बाईची तबकडी तुपानं गेली नव्हती, मी घालवली होती. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

साठ सालानंतरची ती दोन-चार वर्षं. महाडात माझं ग्रामोफोन दुरुस्तीचं दुकान होतं. कुडपणची एक विधवा दरवर्षी नवऱ्याचं श्राद्ध झालं की एक तबकडी घेऊन डोंगर उतरायची. नवरा मुंबईच्या गोदीत होता. एका भजनाच्या रेकॉर्डमध्ये मागच्या घोळक्यात त्याचा आवाज होता. तेवढाच उरलेला. घरी यंत्र नाही, म्हणून माझ्याकडे येऊन ऐकायची. "ह्यो बघा, आता वर चढला," म्हणून बोट दाखवायची. मला तो कधीच वेगळा ऐकू आला नाही.

एका वर्षी तबकडीवर पांढरी बुरशी, आणि वर तुपाचा हात.

"वहाणंला लावतो, पोराच्या टाळूला लावतो. म्हटलं ह्याला पण लावावं वायच."

दुकानात बसलेला शेजारचा म्हातारा म्हणाला, "मग भातावर वाढायची काय, वैनी?"

"हसा. तुमची म्हातारी अजून बडबडती हाय घरात."

साबणाच्या कोमट पाण्याचा हलका हात दिला असता तरी तूप निघालं असतं. पण माझ्याकडे नुकतीच मुंबईहून बाटली आली होती, तबकडीचं आयुष्य वाढवणारी. बूच काढताच स्पिरिटचा वास आला. माझे वडील फर्निचरला पॉलिश करायचे. लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच आमचं घर चाललं. जुनी तबकडी लाखेची असते, हेही मला ठाऊक होतं. तरी लोकांसमोर नवी बाटली मिरवायची होती. चोळली. फडकं काळं झालं. सुई ठेवली, तर नुसती खरखर.

"तुपानं गेली, वैनी," मी म्हणालो.

म्हाताऱ्यानं मान डोलावली. तिनं पदराला हात पुसले, पुन्हा पुसले.

"म्हंजे मीच घालवला."

पुढच्या वर्षी ती आली नाही. नंतरही नाही.

आता प्लास्टिकच्या लाँगप्ले तबकड्या आल्यात आणि त्यांच्यासाठी नवनव्या बाटल्या. एकही मी दुकानात ठेवत नाही. वर लावलेलं खाचेत बसतं, धूळ धरतं, सुईला चिकटतं. मऊ ब्रशानं झाडा, उभी ठेवा, उन्हात टाकू नका. टिकेल तितकी टिकेल. गिऱ्हाईक मला मागासलेला म्हणतं. म्हणू दे, दुसरं दुकान बघू दे. हा अपराधी माणसाचा हट्ट आहे, असंही कुणी म्हणेल. असेल. म्हणून माझं म्हणणं खोटं ठरत नाही.

ती अजून कुडपणातच आहे, हे मला पोलादपूरच्या स्टँडवर कळलं, त्यालाही बरीच वर्षं झाली. तुझ्या तुपानं काही बिघडलं नव्हतं, हे तिच्या दारात उभं राहून सांगायचं देणं मी अजून लागतो.