कोपरावरची धार

त्या थंडीत पंचवटीतल्या आमच्या घरचा गॅस गिझर गळायला लागला. खाली बादली लावून लावून मी वैतागले होते, तेव्हा गिझर दुरुस्त करणारा तो माणूस एकदाच आला होता. नाव विचारायचं राहूनच गेलं. त्याने गिझरखाली कोरडा पेपर अंथरला आणि थेंब नेमका कुठून पडतो ते उकिडवा बसून पाहत राहिला. मग जोडावरचा कडक झालेला वॉशर बदलला, गिझर पेटवला आणि बाही वर सारून धारेखाली चक्क कोपर धरलं.

"हात नाही का लावायचा?" मी हसून विचारलं.

"लेकीला आंघोळ मीच घालायचो, ताई. तान्ह्या लेकराचं पाणी कोपरानंच बघायचं असतं," तो म्हणाला. "आता ती सिन्नरला सासरी हाय. इकडं यायला सवड नाय तिला. पण हे कोपर काय ऐकत नाय."

गळती थांबली होती. ओला पेपर गोळा करून तो गेला.

त्याच वर्षी माझी लेक शिकायला पुण्याला गेली होती. मी उगाच पुन्हा नळ सोडला, धारेखाली कोपर धरलं आणि गिझरची आच जराशी कमी केली. तिला कोमटच लागायचं.