एकट्याचा बँड आणि गोडादऱ्याची हळद

सुरतच्या मराठी मंडळींनो, डीजेने आपली हळदीची गाणी गिळली म्हणून आपण ओरडतो आणि बुकिंग पुन्हा डीजेचंच करतो!

आज गोडादऱ्यात एका हळदीला माझा भाचा नितीन आला. हातात गिटार, तोंडाशी माउथ ऑर्गन, पायाखाली ढोल. अहिराणी गाणी तो रॉकच्या ठेक्यात गातो. ही त्याची पहिलीच सुपारी.

नवरदेवाची आई त्याच्या मागे बघत राहिली. "बाकीना पोरे कोठे शेतस?"

"मावशी, मी एकटाच."

"एकटा? डीजेवालाले फोन लावा रे!"

घाबरून नितीनने हळदीचं गाणं धरलं. दुसरी ओळ बायांनी उचलायची ही आपली रीत. त्यांना गप्प बसवेना. मावशी तर नाचायलाच लागली.

तेवढ्यात डीजेवाला पोहोचला. मावशी म्हणाली, "जेवी ले भाऊ, मंग जाय."

घरात लग्न ठरलेल्यांनो, हळदीची तारीख आत्ताच खाली लिहा. नितीनला बोलवा!